माझी पेन्सिल सतराव्या पानावर थांबायची

एम.ए. इंग्लिशला ॲडमिशन झालं तेव्हा एका सिनिअर ताईकडून चार इंग्रजी कादंबऱ्या निम्म्या किमतीत घेतल्या होत्या. हॉस्टेलच्या कॉटवर बसून पहिली उघडली, तर पहिल्या पानावर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलनं बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले. दुसऱ्या पानावर पण तसंच. सहाव्या-सातव्या पानापासून अर्थ जरा विरळ होत गेलेले, आणि चौदाव्या पानावर एका शब्दाखाली रेघ मारलेली पण अर्थ लिहायचा राहिलेला, आणि तिथनं पुढं सगळं पुस्तक कोरंकरकरीत. दुसरी कादंबरी उघडली, तिथं अकरावं पान. तिसरीत नववं. मला आधी लई हसू आलं आणि मग गप बसले, कारण बी.ए.ची तीन वर्षं माझी पेन्सिल सतराव्या पानावर थांबायची. सतरा हा माझा रेकॉर्ड होता.

आता तुम्ही म्हणाल मग बी.ए. पास कशी झालीस. अहो, फर्स्ट क्लास मिळाला. गाईड होतं, अपेक्षित प्रश्न होते आणि तालुक्याच्या कॉलेजजवळ झेरॉक्सच्या दुकानात आधीच्या टॉपर पोरींच्या नोट्स मिळायच्या, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं फिकी झालेली, तरी आम्ही ती पाठ करायचो. एकेका उत्तराची सहा-सहा पानं मला तोंडपाठ असायची. पण मधला एक शब्द निसटला की पुढचं आठवायचं नाही, मग मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यायचं, हरिपाठ म्हणताना मधे कोण आलं तर आजी परत पहिल्या अभंगापासून सुरू करायची तसं. पुरवणीवर पुरवणी घ्यायचो आणि बाहेर येऊन किती पुरवण्या लावल्या ते एकमेकींना सांगायचो. तीन वर्षांत मी इंग्रजीत किती हजार शब्द लिहिले असतील आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यातलं. शाळा मराठी मीडियम. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे मी शाळेत गेले तेव्हा ते रुळलेलं होतं, त्यामुळं कागदावर बघायला गेलं तर एम.ए.पर्यंत मी पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेली. ए फॉर ॲपल, सफरचंद आम्ही फक्त कोण दवाखान्यात ॲडमिट असलं की बघायचो. पुढं पाचवी-सहावीत बाई एक ओळ वाचायच्या, आम्ही सगळी पोरं कोरसमध्ये तीच ओळ ओरडायची, मग बाई तिचं मराठी सांगायच्या, मग पुढची ओळ. बाईंचा दोष काढत नाही, चार वर्ग एकटीनं सांभाळायच्या. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट त्यातनं पक्की बसली की इंग्रजी वाचणं म्हणजे ओळीचं मराठी करणं, आणि मराठी झालं नाही तोवर ओळ वाचली असं धरायचंच नाही.

२०१८च्या जुलैत शिवाजी विद्यापीठात आले. पहिले पंधरा दिवस मोर बघण्यातच गेले, कॅम्पसवर मोर आहेत भरपूर. मग एक सर आमच्यावर लेक्चर घ्यायला आले, नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी एका पानाची झेरॉक्स सगळ्यांना दिली आणि म्हणाले गपचूप वाचा. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसतं आमच्याकडं बघत फिरत होते. मग म्हणाले, "तुमच्यातल्या निम्म्यांचे ओठ हलतायत, आणि हात तर सगळ्यांचे पेन्सिलीवर आहेत." मग म्हणाले आज सकाळी काय खाल्लं ते दहा ओळीत लिहून द्या. वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरचा मोर ओरडलेला ऐकू आला. सहा-सहा पानं उत्तरं लिहिणाऱ्या आम्ही पोरी, पोह्यावर चार ओळी होईनात. मी लिहिलं, टुडे मॉर्निंग आय एट पोहे, पोहे वॉज नाइस, आफ्टर पोहे आय एट टी. चहा खाल्ला. सरांनी माझा कागद वाचून नुसतं "बरं" म्हटलं. ते बरं मला आठवडाभर पुरलं.

पुढच्या लेक्चरला त्यांनी त्याच पानावरचे न कळणारे शब्द मोजायला लावले. पान साधारण २८० शब्दांचं होतं आणि माझे ४६ शब्द अडलेले. मग फळ्यावर हिशोब मांडला. न्यूझीलंडमध्ये पॉल नेशन म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं २००० साली अभ्यास छापला होता की गोष्टीचं पुस्तक कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायचं असेल तर शंभरातले साधारण ९८ शब्द आधी ओळखीचे असायला लागतात. म्हणजे २८० शब्दांच्या पानावर पाच-सहा अनोळखी चालतील. माझे ४६, शंभराला सोळा. शंभर शितांत सोळा खडे असलेला भात कोण खाईल, पण आम्ही तोच खात होतो, आणि दात दुखतोय म्हणजे आपल्याच दातात काहीतरी खोट आहे असं समजत होतो.

लेक्चर झाल्यावर मी सरांना जाऊन विचारलं मग काय करायचं. मला वाटलं ग्रामरचं पुस्तक सांगतील. त्यांनी पिशवीतनं एक पातळ पुस्तक काढून हातात दिलं. साठ-सत्तर पानांचं, मोठी अक्षरं, मधनं मधनं चित्रं. म्हणाले हे हजार शब्दांतलं आहे. ऑक्सफर्डची एक मालिका आहे, तिच्या पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द, मग ७००, १०००, १४००, १८०० आणि सहाव्या पायरीला २५००, प्रत्येक पुस्तक ठरवलेल्या शब्दांच्या आतच लिहिलेलं. सरांकडं अशी चाळीसेक पुस्तकं होती, स्वतःच्या पैशानं घेतलेली.

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. एम.ए. इंग्लिशची पोरगी आणि चित्राचं पुस्तक. हॉस्टेलवर आणल्याबरोबर पहिल्यांदा त्याला पेपरचं कव्हर घातलं, शाळेत घालतो तसं. तरी रूममेटनं पकडलंच. "काय गं हे, बारक्या पोरांचं पुस्तक वाचालायस व्हय?" मी म्हटलं, माझ्या मामाच्या पोरीसाठी आणलंय. मामाला पोरगीच नाही, दोन पोरं आहेत. पुस्तक तीन दिवस उशीखाली पडून राहिलं.

चौथ्या दिवशी सरांनी सहज बोलता बोलता मायकेल वेस्ट म्हणून एका माणसाची गोष्ट सांगितली. हा इंग्रज १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होता. त्यानं बघितलं की बंगाली पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात पण वाचता काय येत नाही, आणि निम्मी पोरं शिक्षण मधेच सोडून जातात, त्यांच्या हाताला काहीच लागत नाही. तर यांना निदान वाचता तरी यावं, म्हणून तो ठरावीक शब्दांत सोपी पुस्तकं तयार करायच्या मागं लागला, नवा शब्द आला की तो परत परत येईल अशी. १९५३ साली त्यानं सगळ्यात उपयोगी अशा दोनेक हजार शब्दांची यादी छापली, ती पुढं जगभर वापरली गेली. मी वर्गातच खूश झाले. मला वाटत होतं ही पुस्तकं लंडनच्या बालवाडीतल्या पोरांची आहेत, आणि ही तर आमच्यासारख्यांसाठीच, आमच्याच बाजूच्या पोरांकडं बघून सुचलेली. त्या संध्याकाळी कव्हर काढून टाकलं. रूममेटनं विचारलं, मामाच्या पोरीचं काय? म्हटलं, ती मोठी झाली.

सरांचे नियम थोडे होते पण पाळताना जीव जायचा. पेन्सिल हातात घ्यायची नाही. डिक्शनरी पान संपल्याशिवाय उघडायची नाही, आणि शब्द तीनदा अडला तरच बघायचा. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक खाली ठेवून खालच्या पायरीचं घ्यायचं. आणि कंटाळा आला तर पुस्तक सोडून द्यायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला, आमच्यात ताटात टाकायचं नाही अशी शिकवण, पुस्तक अर्धवट टाकलं की मला अन्न टाकल्यासारखंच वाटायचं. एक फार कंटाळवाणं पुस्तक मी निव्वळ या पापाच्या भीतीनं पूर्ण वाचलं, त्यात काय होतं ते आज विचाराल तर एक जहाज होतं एवढंच सांगता येईल.

ओठ हलायचे त्याच्यावर मी स्वतःच इलाज शोधला, तोंडात लवंग धरायची आणि ती हलू द्यायची नाही. दोन दिवसांत जीभ बधीर. सरांना सांगितल्यावर ते खुर्चीत मागं रेलून हसले, म्हणाले ओठ हलणं काय गुन्हा नाही गं, सोपं वाचशील तसं आपोआप कमी होईल. झालं पण तसंच, कधी थांबलं ते कळलं नाही. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मी मोजायचे, सुरुवातीला मिनिटाला ६२ शब्द व्हायचे, वर्षभरानं १३० झाले. लई नाही, पण दुप्पट.

एक गंमत सांगायची राहिली. आपण मराठीत लिहिलंय तसं वाचतो, म्हणून मी इंग्रजी पण तसंच वाचायचे, डोक्यातल्या डोक्यात. एका गोष्टीत एक मिलिटरीतला माणूस होता आणि मी अख्खं पुस्तकभर त्याला 'कोलोनेल' म्हणत होते, मला वाटलं इटलीबिटलीचं नाव असेल. वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली तेव्हा कळलं की तो 'कर्नल' आहे. कर्नल मला ऐकून माहीत होता आणि कोलोनेल वाचून माहीत होता, दोघं एकच आहेत हे माहीत नव्हतं. अशी माझी बरीच माणसं दोन-दोन निघाली.

आता लिहिण्याचं. सरांनी एक दोनशे पानी वही करायला सांगितली, रोज दहा ओळी, विषय कुठलाही, फक्त नोट्समधलं वाक्य एकही नको. आठवड्यातनं एकदा ते वही बघायचे. आणि बघायची पद्धत अशी की सगळ्या चुका काढायचेच नाहीत. एका आठवड्यात फक्त भूतकाळाच्या चुका, त्याच्याखाली टिंब. बाकी वाक्य वाकडं असो, स्पेलिंग चुकलेलं असो, त्याला हात लावायचे नाहीत. मला आधी राग आला, म्हटलं सर काम टाळतायत. बी.ए.ला एकदा निबंध तपासून मिळाला होता तर सगळा लालभडक, तो मी बघितलाच नव्हता, घडी करून ठेवून दिला. इथं पानावर सात टिंबं, सातही 'डिड नॉट वेंट' छापाची. सात म्हटल्यावर माणूस बघतो.

मग हळूहळू मला त्या चुकांतच मजा यायला लागली, कारण प्रत्येक चुकीच्या मागं मराठी उभी होती. 'हॅव'चंच घ्या. मला दोन बहिणी आहेत, माझ्याकडं सायकल आहे, मला ताप आहे, आपल्यात प्रत्येकाला वेगळी तऱ्हा, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच हॅव. आपण मी आंबा खाल्ला म्हणतो, मी भाकरी खाल्ली म्हणतो, क्रियापद आंब्याच्या आणि भाकरीच्या मागं पळतंय, खाणाऱ्याला कोण विचारत नाही. इंग्रजीत तसलं काही नाही, उलट सोपंच. आणि एक गोष्ट तर मला कोल्हापूरची म्हणून फार आवडली. आमच्याकडं बायका पण 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. इथं लिहिताना मी गेले-आले लिहितेय, पण घरी आईशी बोलताना मी 'आलो'च असते. पुण्याला एका लग्नात मी "मी जेवलो" म्हटलं तर चार बायका वळून बघायला लागल्या. इंग्रजीत आय वेंट. बाई का बुवा, पुण्याची का कोल्हापूरची, काय संबंधच नाही.

'द' मात्र आजपण छळतो. 'अ' कुठं आणि 'द' कुठं याचे नियम मी पाठ केले होते, एकूण बावीस, आणि लिहिताना एकही आठवायचा नाही. एकदा सरांनी विचारलं, "'दारात माणूस आलाय' आणि 'माणूस दारात आलाय' यात काय फरक?" मी दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. पहिल्यात कुणीतरी आलाय, कोण ते ठाऊक नाही. दुसऱ्यात ज्याची वाट बघत होतो तो आलाय. सर म्हणाले पहिला 'अ', दुसरा 'द', तुझ्याकडं आहे की, फक्त तू तो शब्दांच्या जागेनं दाखवतेस आणि ते वेगळा शब्द लावून दाखवतात. त्या दिवसापासून अडलं की मी मराठीत वाक्य फिरवून बघते, दहातली सहा-सात बरोबर येतात. उरलेल्यांना देव बघून घेईल.

सगळंच काय जमलं नाही. आम्ही सहा जणींनी व्हॉट्सॲपवर फक्त इंग्लिशचा ग्रुप काढला, पहिल्या दिवशी गुड मॉर्निंगचे ढीग, दुसऱ्या दिवशी 'हॅव यू टेकन युवर लंच', तिसऱ्या दिवशी कुणालाच काही बोलायचं नव्हतं. पाचव्या दिवशी एकीनं भिंतीवर बसलेल्या मोराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं "आयला भारी", संपला ग्रुप. दुसरा फसलेला उद्योग म्हणजे शब्दांची वही. रोज वीस शब्द, समोर अर्थ, महिनाभरात सहाशे झाले, आणि सहाशेतला एक शब्द मी रोजच्या दहा ओळींत वापरला असेल तर शपथ. शब्द एकटा पाठ केला की एकटाच राहतो, त्याची सोयरीक कुणाशी जुळते ते वाचताना चार ठिकाणी भेटल्याशिवाय कळत नाही.

आणि हे पण खरं सांगते, मला मराठी तरी वाचायची सवय कुठं होती. शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांकडं. घरात पंचांग आणि आप्पांच्या दूध डेअरीची वही. सरांनी विचारलं, शेवटचं मराठी पुस्तक कधी पूर्ण वाचलंस? मी बोललेच नाही. मग भवानी मंडपाकडं करवीर नगर वाचन मंदिरात जायला लागले, ते १८५० सालचं वाचनालय आहे, विद्यापीठ १९६२चं, म्हणजे विद्यापीठापेक्षा शंभरावर वर्षांनी थोरलं. तिथं म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली असायची, मान वर न करता, एकेक जण तास-दोन तास. त्यांच्याकडं बघून बघून बसायला शिकले. हे ऐकायला येडेपणाचं वाटेल, पण एका जागी पुस्तक धरून चाळीस मिनिटं बसायचं हीच एक शिकायची गोष्ट आहे, भाषा कुठली का असेना. बैठक म्हणतात ना गाणारी माणसं, तसं.

मग २०१९चा ऑगस्ट आला. कोल्हापूरकराला त्याचं वेगळं सांगायला लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, आणि शहरभर पाणी असून नळाला पाणी नाही कारण उपसा करणारे पंपच बुडालेले. विद्यापीठ उंचावर म्हणून आम्ही कोरड्या, पण अडकलेल्या. आमचं गाव वेदगंगेच्या काठाला. रस्ता बंद, आणि दोन दिवस घरचा फोन लागेना.

त्या दोन दिवसांत करायला काहीच नव्हतं, लायब्ररी बंद, मेसमध्ये भात-आमटी, लाईट येऊन जाऊन. माझ्याकडं सरांचं १४०० शब्दांच्या पायरीचं एक खुनाचं पुस्तक होतं. डोक्यात घरचा विचार नको म्हणून ते धरलं. कधीतरी दुपारी खून कुणी केला ते मला कळलं आणि मी रूममेटला सांगायला तोंड उघडलं, आणि थबकले. कारण मला तो माणूस खोटं बोललाय हे माहीत होतं पण ते मी कुठल्या भाषेत वाचलं हेच आठवेना. मधे मराठी झालंच नव्हतं. पान बघितलं, एकसष्टावं. पेन्सिल कुठं होती ते पण माहीत नव्हतं.

त्याच रात्री मेणबत्ती लावून वही काढली. दहा ओळींच्या जागी पाच पानं झाली. आप्पांनी म्हशी सोडवून वरच्या वाडीत नेल्या असतील का, आईचं गुडघ्याचं दुखणं, आजी पाणी चढलं तरी घर सोडणार नाही, असलं सगळं. चुकांचा पाऊस पडला असणार, पण पहिल्यांदाच मला काहीतरी सांगायचं होतं आणि वाक्यं त्याच्या मागनं येत होती. मराठीत लिहिलं असतं तर रडू आलं असतं, इंग्रजीत बफेलोचं स्पेलिंग आठवता आठवता रडायचं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी फोन लागला. आप्पा म्हणाले, "म्हशी वर नेल्यात, आजीला पाठीवर घातली. तू जेवलीस काय?"

सरांनी ती पाच पानं वाचली आणि पहिल्यांदाच एकही टिंब दिलं नाही. खाली लिहिलं होतं, म्हशी किती आहेत ते लिहायला हवं होतं. चार होत्या.

इथनं पुढं सगळं सरळ झालं असं समजू नका. पुढच्या सेमिस्टरला मी ठरवलं, पेपरात नोट्समधलं काही लिहायचं नाही, आपलं लिहायचं. आणि पाठ केलेलं जसं नळासारखं पडतं तसं आपलं पडत नाही, विचार करावा लागतो, खोडावं लागतं. चार प्रश्नांतले तीनच झाले आणि बेल वाजली. रूममेटनं नोट्स छापून माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडले आणि वर मलाच सुनावलं, "आणि वाच बारकी पुस्तकं." त्यानंतर मी घड्याळ लावून लिहायची सवय केली, एका प्रश्नाला चाळीस मिनिटं, आधी पाच मिनिटं मुद्दे, मग सुटायचं. एक आणखी खेळ करायचे, चांगला परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल तसा स्वतः लिहायचा आणि मग शेजारी ठेवून बघायचं आपलं कुठं घसरलं. माझ्या वाक्यात जिथं सात शब्द होते तिथं मूळ लेखकाचे चार असायचे. हे मला कुठल्या गाईडनं सांगितलं नव्हतं.

आता मी एका कॉलेजात सीएचबीवर आहे, तासावर पगार, तोही कधी यायचा तेव्हा येतो, असो. वर्गातली पोरं माझ्यासारखीच खेड्यातनं एसटीनं येणारी. झेरॉक्सच्या नोट्स गेल्या, आता मोबाईलवर एआयकडनं उत्तर लिहून घेतात. मागच्या टर्मला 'माझ्या गावची यात्रा' यावर दहा ओळी लिहा म्हटलं तर अकरा पोरांच्या यात्रेत एकसारखा पाळणा आणि एकसारखे "व्हायब्रंट कलर्स". एकाच्या गावात यात्राच भरत नाही. मी रागावले नाही, मला माझ्या पुरवण्या आठवल्या. म्हटलं, आता इथंच, वहीत, पेननं, सकाळी काय खाल्लं ते लिहा. सत्तावन्न पोरांचा वर्ग गप झाला. मागच्या बाकावरच्या एकानं लिहिलं, आय एट नथिंग, बस केम अर्ली. मला ते वाक्य अजून आठवतंय.

सरांच्या धर्तीवर मी पण पगारातनं तशी पातळ पुस्तकं घेत असते, आत्तापर्यंत एकोणीस झालीत. देताना कव्हर घालूनच देते, कारण पोरं विचारायच्या आधी लाजतात. एक पोरगी परवा पुस्तक परत द्यायला आली, म्हणाली, "मॅडम, ह्यातला तो कोलोनेल मेला तेव्हा लई वाईट वाटलं." मी म्हटलं, मला पण. कर्नलचं नंतर कधीतरी सांगेन.

तीन पुस्तकं बाहेर आहेत अजून, दोन महिने होत आले. मागायचं जिवावर येतं. वाचत असली तर?